कूलरची सफाई, ऍसिड आणि ब्लीचिंग पावडर: घरातली कोणती रसायनं एकत्र येऊ देऊ नयेत?

वाळ्याची_ताटी
नमस्कार मंडळी. होळी झाली, आता घरोघरी कूलर निघतील, म्हणून आत्ताच हा धागा काढते आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे कामाला येणाऱ्या मावशींनी कूलरची टाकी बाथरूममध्ये धुवायला घेतली. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर टाकीला चिकटलेला होता. तो काढायला आधी ऍसिड टाकलं. थर सुटला. मग डासांची अंडी मरावीत म्हणून त्याच पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली. बाथरूमचं दार लोटलेलं, खिडकीला काच बसवलेली. मावशी खोकत, डोळे चोळत बाहेर आल्या. संध्याकाळपर्यंत 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणत राहिल्या आणि रात्री त्यांना श्वास घेता येईना. दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. आता घरी आहेत, बऱ्या आहेत.

बिल्डिंगमध्ये जो तो म्हणतोय की मावशींना कळायला हवं होतं. मला हे अजिबात पटत नाही. ऍसिडची बाटली आणि पावडरचा डबा दोन्ही घरच्यांनीच काढून दिले होते. हे दोन एकत्र चालत नाहीत हे देणाऱ्याला तरी कुठे ठाऊक होतं? मी चार घरी विचारलं, चारही घरी 'दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ होतं' हेच उत्तर मिळालं.

म्हणून जाणकारांना विचारते. नेमकं काय तयार झालं? आणखी कशाकशाची जोडी टाळायची? आणि कूलर मग साफ तरी कसा करायचा?

मास्तर_रसायनवाले
ताई, मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. चांगला धागा काढलात.

तयार झाला तो क्लोरीन वायू. ब्लीचिंग पावडर म्हणजे चुन्यात बांधून ठेवलेला क्लोरीन. विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडून ही पावडर करायची पद्धत स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंटनं १७९९ मध्ये पेटंट केली. वायू पिंपात भरून नेता येत नव्हता, पावडर पोत्यात भरून नेता येऊ लागली. ती बांधणी ऍसिड पडताच सुटते आणि वायू मोकळा होतो. कपड्यांच्या पातळ ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं, त्याचीही गत तीच.

घोळ इथे होतो की ऍसिड म्हटलं की लोकांना फक्त हातगाडीवरची पिवळट बाटली आठवते. टॉयलेट साफ करायची निळी बाटली उलटी करून लेबल वाचा, बहुतेकांवर हायड्रोक्लोरिक ऍसिड लिहिलेलं सापडेल, साधारण १० टक्के. व्हिनेगर म्हणजे ऍसेटिक ऍसिड. लिंबूसत म्हणजे सायट्रिक ऍसिड. नळाच्या तोटीवरचे डाग काढायची जी स्प्रेची बाटली मिळते तिच्यातही कुठलं तरी ऍसिडच असतं. यातलं काहीही ब्लीचला भेटलं की क्लोरीन सुटणार, कमी किंवा जास्त एवढाच फरक.

आणखी एक सापळा आहे. एकाच कंपनीच्या एकाच आकाराच्या दोन टॉयलेट क्लीनरपैकी एकात ऍसिड आणि दुसऱ्यात ब्लीच असू शकतं. एक संपत आली म्हणून उरलेली दुसरीत ओतू नका. लेबलवरची घटकांची ओळ बारीक अक्षरात असते, पण ती वाचल्याशिवाय बाटली घरात घेऊ नये या मताचा मी आहे.

वऱ्हाडी_पोट्टा
मास्तर, तुमचं बरोबर असन, पण एक सांगा. आमच्या घरी आजीपासून ऍसिड न् ब्लीचिंग दोन्ही वापरून राह्यले. न्हाणीत एकापाठी एक टाकत होतो. वास येये, डोये चुरचुरत, पण दवाखान्यात कोणी नाई गेलं. मंग आताच काहून असं होऊन राह्यलं?

मास्तर_रसायनवाले
भाऊ, प्रश्न रास्त आहे. उत्तर तुमच्या न्हाणीतच आहे.

जुन्या घरात न्हाणी अंगणाच्या कडेला असायची. वर कौलं, भिंतीला झरोके, दाराला फटी. वायू सुटायचा आणि निघून जायचा. आता फ्लॅटमधलं बाथरूम चार बाय सहा फुटांचं, वर आठ फूट. म्हणजे आत हवा साडेपाच हजार लिटरच्या आतच. अर्धा कप पातळ ब्लीचमधला सगळा क्लोरीन सुटला तर दीड लिटरच्या आसपास वायू होतो. ऐकायला हे काहीच नाही. पण त्या खोलीत तो पसरला तर हवेच्या दर दहा लाख भागांत तीनशेच्या आसपास भाग क्लोरीन होतो. कारखान्यांसाठी जे अमेरिकी मापदंड वापरतात त्यांत १० भाग हीच जिवाला तात्काळ धोक्याची पातळी धरलेली आहे.

प्रत्यक्षात सगळा वायू एकदम सुटत नाही, काही पाण्यात विरघळून राहतो, म्हणूनच बहुतेक जण खोकून बाहेर येतात आणि वाचतात. डोळे चुरचुरत होते म्हणजे क्लोरीन तेव्हाही होताच, भाऊ.

निवृत्त_फिल्टरप्लांट
मी पाणी शुद्धीकरण केंद्रात नोकरी केली, सगळी क्लोरीनच्या खोलीशेजारी. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन असतोच आणि असायलाच हवा. घरापर्यंत पोचताना लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहावा असं भारतीय मानक सांगतं. गावाकडच्या विहिरीत हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर टाकतात. इतक्या थोडक्यात कॉलरा, कावीळ, जुलाब दूर राहतात. त्यामुळे पावडरला शत्रू समजू नका. एकटी असली की ती आपलं काम चोख करते.

आमच्याकडे क्लोरीन लोखंडी टाक्यांत यायचा, मोठ्या टाकीत नऊशे किलो. असल्या सिलिंडरांच्या परवान्यांचं काम पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पहिल्याच दिवशी जे शिकवलं ते आजही पाठ आहे. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड. तो खाली बसतो, खड्ड्यात, नालीत, तळघरात साठतो. गळती झाली की खाली वाकायचं नाही, वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उंचावर जायचं. आमच्या खोलीचे पंखे म्हणूनच जमिनीलगत बसवलेले असायचे. घरातला एग्झॉस्ट छताजवळ असतो, तो चालू असला तरी वायू खालीच रेंगाळतो हे लक्षात घ्या. उकिडवं बसून फरशी घासणारी बाई आणि घरात रांगणारं मूल, दोघांचं नाक नेमकं त्याच पातळीवर असतं.

दुसरी गोष्ट नाकाची. सुरुवातीला वास इतका उग्र असतो की माणूस मागे सरकतो. थोडा वेळ आत राहिलं की नाक सरावतं, वास कमी झाल्यासारखा वाटतो, पण वायू कमी झालेला नसतो. नवीन मुलांना आम्ही हे पुन्हा पुन्हा सांगायचो, कारण 'आता गेला वास' म्हणून आत जाणारेच आजारी पडायचे.

घरात असं झालं तर वीरपणा नको. बादली उचलून बाहेर आणायला जाऊ नका, त्यात आणखी काही ओतून वायू 'मारायला' तर मुळीच नको. बाहेर या, जाता जाता जे दार-खिडकी हाताशी येईल ते उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. दम लागत असेल तर १०८. आत कोणी अडकलं असेल तर ११२ वर फोन करा. अग्निशमनवाल्यांकडे श्वासाचे मुखवटे असतात, तोंडाला बांधलेला ओला रुमाल त्याची जागा घेत नाही.

रात्रपाळी
स्टाफ नर्स आहे, कॅज्युअल्टीत. दिवाळीच्या सफाईच्या दिवसांत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर असे पेशंट येतात.

वाळ्याची ताटी ताई, तुम्ही लिहिलेलं 'संध्याकाळपर्यंत ठीक' हे सगळ्यांनी नीट वाचा. क्लोरीन श्वासनलिकेच्या ओलाव्यात विरघळतो आणि तिथेच ऍसिड तयार होतं. सुरुवातीला खोकला, घशात जळजळ, डोळ्यांतून पाणी. मग जरा बरं वाटतं. पण आत सूज चढत असते आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी साठू लागतं. त्यामुळे वायू जास्त गेला असेल, खोकला थांबत नसेल, छाती आवळल्यासारखी वाटत असेल किंवा पेशंट दम्याचा, म्हातारा, लहान, गरोदर असेल तर घरी थांबून बघू नका. याच्यावर उतारा म्हणून एखादं औषध नाही. ऑक्सिजन, श्वासनलिका मोकळ्या करायची वाफेची औषधं आणि देखरेख हाच उपचार, आणि देखरेख दवाखान्यातच होते.

डोळ्यांत गेलं असेल तर साध्या वाहत्या पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवा. पाणी मारलं आणि झालं, असं नाही. घड्याळ लावून धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. अंगावर उडालं असेल तर कपडे लगेच उतरवा.

येताना दोन्ही बाटल्या किंवा त्यांच्या लेबलांचे फोटो आणा. 'काहीतरी पांढरी पावडर होती' यावरून आम्हाला फार काही ठरवता येत नाही.

महाल_गल्ली
सिस्टर, एक शंका. आमच्याकडे अशा वेळी गूळ खायला देतात, दूध पाजतात. कोणी तुपाचं बोट चाटवतं. त्याचा उपयोग होतो का?

रात्रपाळी
काका, वायू फुप्फुसात गेलेला असतो आणि दूध पोटात जातं. उपयोग नाही, आणि धापा टाकणाऱ्या माणसाला काही पाजलं तर ठसका लागून ते श्वासनलिकेत जाण्याची भीती. पाण्याची वाफही घरी देऊ नका.

आणि कोणी चुकून ऍसिड किंवा कॉस्टिक सोडा प्यायलं असेल तर उलटी करवायची नाही. जाताना अन्ननलिका जळली, येताना तीच पुन्हा जळते. मिठाचं पाणी, तोंडात बोट घालणं, काहीच नको. सरळ दवाखाना.

संत्रासाल
मी रसायनं सोडून तीन वर्षं झाली. संत्र्याच्या साली, गूळ आणि पाणी यांचं बायोएन्झाइम करते. हिवाळ्यात आपल्याकडे सालींना काय तोटा! तीन भाग साल, एक भाग गूळ, दहा भाग पाणी, तीन महिने बरणीत. फरशी, ओटा, सिंक सगळं त्यावर. शिवाय चिवट डागांना व्हिनेगर आणि खायचा सोडा. नैसर्गिक आहे, त्यामुळे कशातही मिसळलं तरी चालत असेल ना?

मास्तर_रसायनवाले
संत्रासाल ताई, तुमच्या बरणीबद्दल आदर आहे, पण या शेवटच्या वाक्याला मी जोरात 'नाही' म्हणतो.

बायोएन्झाइम आंबवलेलं असतं, म्हणून ते आंबट असतं. त्यात ऍसेटिक ऍसिड तयार झालेलं असतं. ते लावलेल्या फरशीवर वरून ब्लीच टाकलं तर क्लोरीनच सुटेल. संत्र्याचं आहे म्हणून रसायनाचा नियम बदलत नाही. बरणीचं झाकणही पहिला महिना रोज सैल करत जा. गूळ आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, काचेची घट्ट बरणी फुटू शकते. प्लॅस्टिकची बरणी घ्या, वर जागा सोडा.

व्हिनेगर आणि खायचा सोडा यांचा फेस येतो तो त्याच कार्बन डायऑक्साइडचा. विषारी नाही. पण एकानं दुसऱ्याला मारून टाकलेलं असतं, खाली उरतं ते जवळजवळ मिठाचं पाणी. फेस पाहून स्वच्छ होतंय असं वाटतं. त्यापेक्षा थरावर नुसतं व्हिनेगर ठेवा, तेलकटावर नुसता सोडा. दोन्ही मिसळून बाटलीत भरून झाकण लावणं तर धोक्याचंच.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एका बाटलीत साठवायचे व्हिडिओ फिरतात. त्यातून परऍसेटिक ऍसिड होतं, ते कातडी आणि श्वासनलिका जाळतं. तेही टाळा.

बेसा_सोसायटी
तुंबलेल्या नाल्यांबद्दल कोणी सांगेल का? आमच्या सोसायटीत प्लंबर यायला वेळ लागतो, मग लोक पुडी टाकतात, नाही उघडलं तर वरून ऍसिड ओततात.

मास्तर_रसायनवाले
हे क्लोरीनइतकंच वाईट, फक्त इथे इजा वायूनं होण्याआधी उष्णतेनं होते. नाली उघडायच्या पुडीत कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात पडला तरी पाणी तापतं. आत साचलेल्या त्या तापलेल्या द्रावणावर ऍसिड ओतलं की ते उसळून वर येतं, आणि ओतणाऱ्याचं तोंड नेमकं जाळीवर वाकलेलं असतं. डोळ्यात कॉस्टिक गेलं तर ऍसिडपेक्षा खोल जखम होते, ते आत आत शिरत जातं. काही पुड्यांत ऍल्युमिनियमचे कणही असतात, त्यातून हायड्रोजन निघतो. तो जळणारा वायू आहे, तिथे काडी ओढायची नाही.

पुडी एकदा टाकली आणि उघडलं नाही तर तिथेच थांबा. पंप, तार किंवा प्लंबर. आणि प्लंबर आला की त्याला आधी सांगा की आत पुडी टाकलेली आहे. तो बिचारा हात घालणार असतो.

वऱ्हाडी_पोट्टा
हे त मले कधी सुचलंच नाई बाप्पा, प्लंबरले सांगाचं.

रात्रपाळी
कोरोनाच्या काळापासून एक सवय लागली आहे, तीही इथे लिहिते. सॅनिटायझर, ब्लीच, डेटॉल, फिनाइल सगळं एका बादलीत. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलशी ब्लीच मिसळलं की क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ होतात. फिनाइलबरोबर ब्लीच मिसळलं तर जंतू जास्त मरत नाहीत, उलट दोघांचाही जोर कमी होतो आणि नको ते वास येतात.

आणि अमोनिया. काही काच पुसायच्या द्रावणांत तो असतो. ब्लीच आणि अमोनिया मिळून क्लोरामाइन होतात, त्यांचाही परिणाम फुप्फुसांवरच. साचलेल्या लघवीतही अमोनिया तयार होतो, म्हणून बाळाच्या दुपट्यांची शिळी बादली, अंथरुणाला खिळलेल्या आजारी माणसाचं भांडं किंवा मांजराची वाळू यांवर थेट ब्लीच ओतू नये. आधी भरपूर पाण्यानं धुवायचं. घरी म्हातारी माणसं असलेल्यांनी हे जरूर पाहा, कारण तिथे वासामुळे ब्लीच सर्रास ओततात.

बेसा_सोसायटी
स्विमिंग पूलवर जो उग्र वास येतो तो हाच का? मुलीला उन्हाळी शिबिरात घालायचं आहे.

निवृत्त_फिल्टरप्लांट
हो. लोकांना वाटतं क्लोरीन जास्त झाला. तो वास बहुतेक क्लोरामाइनचा असतो, घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन झालेला. नीट राखलेल्या तलावाला इतका वास नसतो. मुलीला पाण्यात उतरण्याआधी अंघोळ करून पाठवा, आणि वास डोळ्यांना झोंबत असेल तर दुसरा तलाव शोधा.

कूलर_रिपेरिंगवाला
नमस्कार. मी कूलर दुरुस्तीचंच काम करतो, म्हून सांगतो. लोकं ऍसिड कूलरले लावतात तेच मुळात चुकीचं हाय.

लोखंडी टाकीले ऍसिड लागलं की थर जाते, पण त्यासंगं आतला डांबराचा न् रंगाचा लेपही जाते. मंग जूनपर्यंत टाकी गळाले लागते, न् तुमी मले फोन करता. पंपाची जाळी, मोटरचा दांडा, सगळं गंजते.

मी असं करतो. पह्यले लाइटचं बटन बंद करून प्लग काढाचा. पाणी सोडून द्याचं. टाकी गच्चीवर नाई त अंगणात न्याची, बाथरूममंदी नाई. पांढऱ्या थरावर लिंबूसताचं कोमट पाणी नाई त व्हिनेगर, फडकं भिजवून अर्धा तास ठेवाचं. मंग नारळाच्या काथ्यानं घासाचं. तारेची घासणी नोका वापरू, लेप खरवडते. दोन पाण्यानं धुवाचं न् उन्हात पालथी टाकाची. आपलं नागपूरचं ऊन हाय, दुपारी दोन घंट्यात टाकी कडक वायते. डांबराचा लेप निघाला असन त तवाच लावून घ्याचा, न् पुरा वायल्याशिवाय पाणी भराचं नाई.

ताट्या जुन्या असन त बदलून टाका. वाळ्याच्या ताटीवर ब्लीचिंगचं पाणी मारलं की वाळा कुरकुरीत होऊन झडते, न् पंखा तो सगळा वास घरात फेकते. चालू कूलरमंदी ब्लीचिंग, फिनाइल, रॉकेल काईच टाकाचं नाई. थो कूलर तुमच्या तोंडावर हवा सोडते ना जी.

निवृत्त_फिल्टरप्लांट
भाऊंनी लाखमोलाचं लिहिलंय. त्यात एवढीच भर: डेंग्यूचा एडिस डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर टाकीच्या भिंतीला चिकटवतो. ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून महापालिका आठवड्यातून एकदा कूलर कोरडा करायला सांगते तेव्हा नुसतं पाणी बदलून भागत नाही, भिंती घासाव्या लागतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्याआधी घासलं की साखळी तुटते. या कामाला कुठलंच रसायन लागत नाही.

महाल_गल्ली
ऍसिड इतकं सहज मिळतं हीच मूळ अडचण आहे असं मला वाटतं. गल्लीत हातगाडी येते, थंड पेयाच्या जुन्या बाटलीत ऍसिड, तशाच दुसऱ्या बाटलीत फिनाइल. झाकण तेच, रंग जवळपास तोच. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ऍसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली. घेणाऱ्याचं ओळखपत्र, नोंदवही, अठरा वर्षांखालच्याला विक्री नाही. तो आदेश ऍसिड हल्ल्यांच्या खटल्यात आला होता, पण त्याचा फायदा स्वयंपाकघरातल्या लेकरालाही व्हायला हवा. माझ्या घरी थंड पेयाच्या बाटलीत पाण्याशिवाय काही भरायचं नाही असा दंडकच आहे.

पाच_घरं
मी फारशी लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझी आई पाच घरी धुणीभांडी आणि बाथरूमचं काम करते. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आईला वाचता येतं, पण मराठी. बाटल्यांवर सगळं इंग्रजीत, धोक्याची ओळ तर भिंगातून पाहावी इतकी बारीक. एका घरी तिला रिकाम्या शाम्पूच्या बाटलीत काहीतरी भरून देतात आणि 'हे टाक' म्हणतात. काय आहे विचारलं तर 'अगं क्लीनर आहे'. खोकला आला तर दार उघडायचं नाही, कारण वास हॉलमध्ये येतो. एका घरी पाहुणे यायचे म्हणून पंधरा मिनिटांत दोन बाथरूम, मग हाताला लागेल ते सगळं एकदम टाकलं जातं. घाई तिची नसते.

मी आईसाठी एक केलं. घरमालकिणींना विचारून ऍसिडवाल्या बाटल्यांना लाल चिकटपट्टी आणि ब्लीचवाल्यांना पांढरी लावली. लाल आणि पांढरी एका दिवशी वापरायच्या नाहीत, एका कपाटातही ठेवायच्या नाहीत. तीन घरी लगेच हो म्हणाले. चौथ्या घरी 'तुझ्या आईला काय एवढं' असं ऐकावं लागलं, पण शेवटी त्यांनीही लावली. पाचव्या घरचं ते काम आईनं सोडलं.

तुम्ही काम सांगता तेव्हा एवढंच करा. बाटली मूळचीच द्या, आत काय आहे ते बोलून सांगा, दार उघडं ठेवू द्या. रबरी हातमोज्यांची जोडी फार महाग नसते.

वाळ्याची_ताटी
पाच_घरं, तुझं लिहिलेलं मी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकू का? नाव कुठेच येणार नाही. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींच्या दवाखान्याचा खर्च त्या घरानं द्यावा हे मी उद्याच्या बैठकीत मांडणार आहे. काम त्यांच्या घरचं, वस्तू त्यांच्या घरच्या.

पाच_घरं
टाका ताई. आणि खर्चाचं नक्की बोला. खाड्याचे पैसेही कापू नयेत हेही सांगा.

बेसा_सोसायटी
शेवटचा प्रश्न माझ्याकडून. सोसायटीच्या जिन्याखाली गेल्या पावसाळ्यातलं ब्लीचिंग पावडरचं अर्धं पोतं पडून आहे. शेजारीच ऍसिडचे कॅन आणि जनरेटरचं डिझेल. काय करू?

मास्तर_रसायनवाले
आजच वेगळं करा. ब्लीचिंग पावडर तेल, डिझेल, रॉकेल, रंग, कापडाच्या चिंध्या यांच्याजवळ कधीच नको, आगीचा धोका असतो. ऍसिडचे कॅन तिच्याच शेजारी म्हणजे एक गळका कॅन पुरेसा आहे. आधी कॅन आणि डिझेल हलवा, पोतं जागेवर राहू द्या. मग पोतं कोरड्या हातांनी, नाकाला मास्क लावून, सावलीच्या हवेशीर जागी न्या. धातूच्या डब्यात नको, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या पिंपात ठेवा, आणि झाकण अगदी हवाबंद आवळू नका.

ताज्या पावडरमध्ये तीसेक टक्के क्लोरीन असतो, पण दमट हवा आणि आपल्या मे महिन्याची उष्णता यांत तो झपाट्यानं उडतो. गेल्या पावसाळ्यातल्या पोत्यात आता फार जोर उरला नसेल, गोळेही झाले असतील. टाकीच्या पाण्यात ती वापरू नका. फेकताना कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, तिथे संत्र्याच्या सालींपासून तेलकट कागदापर्यंत सगळं असतं. कंत्राटदाराला किंवा महापालिकेच्या झोन कार्यालयाला विचारून द्या. आणि यंदा जूनमध्ये लागेल तेवढीच आणा, लहान पुड्यांमध्ये, पाकिटावरची तारीख बघून.